वहीतलं सत्तेचाळिसावं पान

१

शेहेचाळीस झाले, आणि पुढं एकदम अठ्ठेचाळीस.

गहिनीनाथ भाटानं बोटाला थुंकी लावून पान मागं उलटलं, पुन्हा पुढं उलटलं. तेच. मग त्यानं वही मिटली, डोळेही मिटले, कुलदैवताचं नाव घेतलं आणि तिसऱ्यांदा उघडून बघितलं. देवानंही हात वर केले होते. निमशांच्या वंशावळीचं सत्तेचाळिसावं पान वहीत नव्हतं.

"पान गेलं!" म्हातारा ओरडला. "सूनबाई, माझं पान गेलं!"

सूनबाई म्हणजे रेश्मा. ती चहा घेऊनच येत होती. ती तशीच दारात थिजली, आणि सगळ्यात आधी तिच्या मनात आलं ते हे, की हे सगळं आपल्यामुळं झालं.

एका अर्थी झालंही होतं तिच्यामुळंच. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर 'मूळपुरुष' नावाचा कार्यक्रम लागायचा. एखाद्या नटाला नाहीतर गायिकेला त्यांच्या मूळ गावी न्यायचं, तिथं भाटानं वंशावळीची वही उघडायची, खापरपणजोबाचं नाव सापडायचं आणि पाहुण्यानं ढसाढसा रडायचं. मग ती रेशमी साडीतली बाई गोड आवाजात विचारायची, "आणि बाजूला काय लिहिलंय?" कारण भाटाच्या वहीत नावाशेजारी बारीक अक्षरांत टिपा असतात. कुणी विहीर खणली, कुणी भांडून वेगळा निघाला, असलं सगळं. खरी गंमत त्या टिपांतच असायची.

या कार्यक्रमानं अख्खा नेवासा तालुका येडा केला होता. लोकांनी आजोबांच्या पत्र्याच्या पेट्या उपसल्या. जो उठेल तो आपला पूर्वज मोठ्या लढाईत होता म्हणून सांगायला लागला. सगळेच लढाईवर गेले होते तर मागं नांगर कोण धरत होतं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. रेश्मानं वाहिनीला आपल्या घराची माहिती पाठवली, निवड झाली आणि शनिवारी अकरा वाजता शूटिंगची गाडी सोनईजवळच्या निमसे वस्तीवर येणार होती. त्यासाठीच गहिनीनाथ दोन दिवस आधी मुक्कामाला आला होता. आणि आज होता शुक्रवार, वेळ दुपारची चार.

घरचे कर्ते भागवतराव, म्हणजे रेश्माचे सासरे, आवाज ऐकून बाहेर आले. सत्तावन्न वर्षांचा भरदार माणूस, पण चेहरा पडलेला. ते एवढंच म्हणाले, "आसल कुठंतरी. सापडंल."

"सापडंल?" गहिनीनाथाचा आवाज फाटला. "भागवतराव, अकरा गावांची वंशावळ हाय हिच्यात. माझ्या बापानं, आज्यानं, पणज्यानं छातीशी धरली. आमच्यात नेम हाय. पान गमावलेली वही भाटानं कुणाच्या दारात उघडायची न्हाई. उद्या बारापर्यंत पान मिळालं न्हाई, तर मी बाराच्या एसटीनं प्रवरासंगमाला जानार आन वही पान्यात सोडनार."

रेश्मानं कप खाली ठेवला. अकरा गावांचे वाडवडील उद्या पाण्यात जाणार होते, आणि बोलावलं होतं तिनं.

"मामंजी," ती म्हणाली, "मी सिस्टरना बोलावते."

२

सिस्टर म्हणजे मनकर्णाबाई. चौतीस वर्षं उपकेंद्रात नर्स होत्या. पंचक्रोशीतली निम्मी माणसं त्यांनी पहिल्यांदा उलटी धरून, पाठीवर चापट मारून रडवलेली. पोलिसाशी माणूस खोटं बोलतो, वकिलाशी तर पैसे देऊन बोलतो. पण ज्या बाईनं आपल्याला नागडं बघितलंय तिच्यापुढं थाप मारताना जीभ अडखळते. म्हणून कोंबडी हरवो की मंगळसूत्र, लोक आधी सिस्टरकडं यायचे.

त्या आल्या त्या रागातच. गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि राखायला कुणी नव्हतं.

"एका कागदासाठी माझ्या कुरडया कावळ्यांच्या हवाली केल्या," त्या म्हणाल्या. "दाखवा ती वही."

पण गहिनीनाथाचा चेहरा बघितला आणि त्यांचा राग जिरला. म्हातारा वहीवर हात ठेवून बसला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मनकर्णाबाईंना वाईट वाटलं. त्या त्याच्यासमोर खाली बसल्या.

वही लांबट, जाड, लाल कापडात बांधलेली. आतली जुनी अक्षरं मोडीतली, एकमेकांत गुंतलेली. त्यांनी चष्मा लावून पानांमधली शिवण बघितली. बोट फिरवलं, आणि फिरवतच राहिल्या.

"भाटबुवा, पान फाडलेलं न्हाई."

"मंग?"

"फाडलं असतं तर कडेला चिंध्या राहिल्या असत्या. इथली शिवण उसवलीय. पान अल्लाद काढलंय आन पुन्हा शिवलंय. बाकीचा दोरा तांबडा, जुना. एवढाच तुकडा नवा."

म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. "ही गाठ माझी न्हाई."

ती गाठ शिंप्याचीही नव्हती. जाड दोरा दाभणानं ओवलेला, शेवटी दुहेरी पीळ देऊन आवळलेला. कांद्याची गोणी शिवताना मारतात तसली गाठ. मनकर्णाबाई मनात म्हणाल्या, चोर शेतकरी दिसतोय, आणि चोर असून वहीला जपणारा दिसतोय. हे काहीतरी वेगळंच होतं.

"पानावर काय हुतं?"

"नावं तोंडपाठ हायेत," गहिनीनाथ म्हणाला. "सखोजी आन राघोजी सख्खे भाऊ. सखोजी थोरला. सखोजीचा कोंडीबा, कोंडीबाचा गोरक्षनाथ, गोरक्षनाथाचा आबासाहेब, आबासाहेबाचे हे भागवतराव. ही थोरली पाती, सत्तेचाळिसाव्या पानावर. धाकट्या राघोजीची पाती अठ्ठेचाळिसाव्यावर. त्यात चुलतभाऊ हनुमंत येतो."

"आन बाजूच्या टिपा?"

भाटानं वही स्वतःकडं ओढली. "त्या मोठ्यानं सांगायच्या नसत्यात, बाई. घरच्या कर्त्यानं परवानगी दिली तरच. टीव्हीसाठी हो म्हनले हुते भागवतराव. आता पुन्हा इचारावं लागंल."

मनकर्णाबाईंनी खांबाला टेकून उभ्या असलेल्या भागवतरावांकडं बघितलं. "काय भागवतराव, सांगू द्यायचं का? मी एकटीच हाय ऐकायला."

"नको," भागवतराव चटकन म्हणाले. "गेलं ते गेलं. घरातल्या गोष्टी घरात."

आणि ते उठून गोठ्याकडं निघून गेले. ज्याच्या घराण्याचं पान चोरीला गेलं, तो माणूस चोरापेक्षा पान सापडण्यालाच जास्त भीत होता.

३

पाचच्या सुमारास हनुमंत घोडेगावच्या बाजारातून दोन शेळ्या विकून परतला आणि बातमी कळल्या कळल्या अंगणात येऊन कडाडला.

"इचारायचं काय त्यात? भाटानंच इकलं! नगरला जुन्या कागदांना किती भाव आलाय ठाव हाय का? त्या टीव्हीनं दलाल फिरायला लागलेत दलाल!"

गहिनीनाथानं वर बघितलं नाही. मनकर्णाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

"हनुमंता, खाली बस. तू जन्मलास तवा बी असाच उगाच बोंबलत हुतास, अर्धा तास. मला सांग, थोरल्या पातीचं पान गेल्यावर फायदा कुनाचा?"

हनुमंत बसला. मुद्दा त्याला झोंबला होता. भैरवनाथाच्या यात्रेत मानाचा पहिला नारळ थोरल्या पातीनं फोडायचा, अशी निमशांची रीत. गेली तीस वर्षं तो भागवतराव फोडत होते. आणि 'मूळपुरुष' बघायला लागल्यापासून हनुमंत पारावर बसून म्हणत होता, की खरी थोरली पाती आमचीच असणार, वहीत बघा.

"बघितली वही मी," तो म्हणाला. "लपवायचं काय त्यात? आज दुपारी फोटू काढले की मोबाईलवर. आमच्या पातीचं पान उद्या टीव्हीवर दिसतंय का न्हाई कुनाला ठाव! पन वाचता कुठं येतंय मला ते?"

मोबाईल पुढं आला. फोटो अठ्ठेचाळिसाव्या पानाचा, वेळ बारा वाजून दहा मिनिटं. डाव्या कडेला शेजारच्या पानाचा कोपरा आला होता आणि त्यावर भाटाच्या हातचा आकडा होता, सत्तेचाळीस. म्हणजे बारा दहाला पान जागेवर होतं.

"त्यानंतर हा वहीजवळ होता?" मनकर्णाबाईंनी भाटाला विचारलं.

"न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. ज्यानं आत्ता चोर म्हटलं त्याच्याच बाजूनं तो खरं बोलला. "फोटू काढून ह्यो लगीच बाजाराला गेला. मी एकपातुर वहीपाशीच हुतो. मंग जेवलो आन जरा लवंडलो. उठलो चारला."

हनुमंताची मान खाली गेली. "माफ करा, भाटबुवा," तो पुटपुटला.

म्हणजे पान गेलं ते एक ते चारच्या मधे. गडीमाणसं बाजाराला गेलेली. रेश्माचा नवरा आदिनाथ नगरला एमआयडीसीत कामावर. घरात उरले कोण? भाट, रेश्मा आणि भागवतराव.

मनकर्णाबाईंनी आणखी एका गोष्टीचा विचार केला. वहीत दोनशेवर पानं. चोरानं नेमकं एकच उचललं. नुसता आकडा बघून कुणाला काय कळणार, त्या पानात काय आहे ते? त्यानं आधी ते वाचलं असणार. आणि या वस्तीवर मोडी वाचता येत होती फक्त गहिनीनाथाला.

निदान सगळे तसं समजत होते.

"हनुमंता," त्या म्हणाल्या, "तू तुझ्या पातीचा कर्ता. तुझ्या पानावरची टीप भाटबुवांनी मला कानात सांगितली तर चालंल?"

"कानात कशाला, माईकवर सांगा!"

पण गहिनीनाथानं नेम पाळला. तो वाकून मनकर्णाबाईंच्या कानात कुजबुजला आणि सिस्टरनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

४

तो फोटो त्यांनी रेश्माच्या मोबाईलवर घेतला आणि आधी रेश्मालाच दाखवला.

"काय दिसतंय गं?"

"मावशी, मला तर मुंग्यांची रांग गेल्यासारखं दिसतंय." रेश्माच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळे मलाच बोलणार. हौस नडली म्हणतील. आणि भाटबाबांनी खरंच वही सोडली तर? मी कुठल्या तोंडानं जगू?"

"तुझ्याकडं शिलाई मशीन हाय. दाभण हाय का?"

"दाभण? नाही हो. ते कांद्याच्या चाळीत असतं, मामंजींकडं." एवढं बोलून पोरीनं जीभ चावली. तिच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो.

"घाबरू नको," मनकर्णाबाई म्हणाल्या. "जेवायला वाढ सगळ्यांना."

जेवणं अंगणातच झाली. हनुमंतही थांबला होता. त्यानं तिसरी भाकरी कुस्करून आमटीत बुडवली होती आणि चौथीवर डोळा ठेवला होता. भागवतरावांच्या ताटातली पहिलीच भाकरी तशीच होती. मनकर्णाबाई त्यांच्याजवळ सरकल्या आणि सहज दाखवावा तसा मोबाईल पुढं केला.

"भागवतराव, ह्या फोटोत कडेला काई डाग दिसतोय का बघा बरं. माझा चष्मा घरी राहिला."

चष्मा त्यांच्या पदराखालीच होता. भागवतरावांनी नाइलाजानं मोबाईल हातात घेतला. डोळे पानावर फिरले. बाजूच्या बारीक ओळीवर थबकले, हळूहळू पुढं सरकले. आणि मग इतक्या काळजीतही त्यांच्या मिशीखालून हसू फुटलं. त्यांनी मान वर करून हनुमंताच्या ताटाकडं बघितलं आणि त्यांना ठसकाच लागला.

त्या ओळीत लिहिलं होतं: राघोजी रुसलेल्या बायकोला आणावयास सासुरवाडीस गेला, सहा मास तेथेच जेवला, सासऱ्याची कणगी रिकामी करून परतला.

ठसका थांबला. भागवतरावांनी मनकर्णाबाईंकडं बघितलं आणि त्यांचं हसू जागीच विझलं. दोघांनाही कळलं होतं.

"पानी प्या," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "सकाळी आठला कांद्याच्या चाळीत येते. एकटीच."

५

सकाळी चाळीत कांद्याचा उग्र वास भरून राहिला होता. कोपऱ्यात गोण्यांची चळत, खांबाला दोऱ्याचं रीळ आणि त्याच रिळात खोचलेलं दाभण. भागवतराव एका गोणीवर बसले होते. रात्रभर डोळा लागला नव्हता, हे सांगायची गरज नव्हती.

"मोडी कुठं शिकलात?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नगरला. दिल्लीगेटपाशी वर्ग हाय, दर शनवारी." ते जमिनीकडं बघत होते. "घरी सांगायचो, ट्रॅक्टरचं सामान आनायला चाललोय. ह्या वयात पाटी घेऊन बसतोय म्हनल्यावर सून हसली असती. पन सिस्टर, त्या टीव्हीनं खूळ घातलं डोक्यात. वाटलं, आपल्या आज्या-पणज्याची नावं आपन सोताच्या डोळ्यानं वाचावी. भाट आला त्या दिशी, तो आंघोळीला गेल्यावर वही उघडली. एकेक अक्षर लावत बसलो. आन वाचलं."

"काय वाचलं?"

भागवतरावांनी गोणीचा दोरा बोटाला गुंडाळला, सोडला. मग एकदम बांध फुटला.

"कोंडीबा आमचा न्हवता, सिस्टर! माझा पणजा निमशांच्या पोटचा न्हवताच. सपष्ट लिहलंय, येसू कुंभारनीकडून ईकत घेतला. कुंभाराचं पोर म्हनून मला कमीपना वाटत न्हाई, देवाशपथ न्हाई. मानूस मानसाचाच असतो. पन मंग सखोजीची पाती तिथंच संपली! थोरला मान राघोजीच्या पातीचा, हनुमंताचा. मी तीस वरसं भैरवनाथापुढं दुसऱ्याच्या हक्काचा नारळ फोडला. त्याला पारावर चारचौघांत गप्प केला. आन आज ती बाई सगळ्या महाराष्ट्रापुढं इचारनार, बाजूला काय लिहिलंय?"

"म्हनून पान काढलं."

"फाडवंना. जाळाया गेलो, ते बी हुईना. शूटिंग झालं की गुपचूप परत शिवनार हुतो. हनुमंताला एकट्याला गाठून सांगनार हुतो. भाट वही पान्यात सोडंल हे मला काय ठाव? ते ऐकल्यापासनं घास उतरंना. पन आता कबूल करायला तोंड न्हाई."

"किती रुपयाला घेतला हुता कोंडीबा?" सिस्टरनी मधेच विचारलं.

"आं?"

"ईकत घेतला ना? काय दिलं?"

"सूपभर कोंडा," भागवतराव कडवटपणे म्हणाले. "बाजरीचा कोंडा. तेवढीच किंमत माझ्या पणज्याची."

मनकर्णाबाईंनी एक क्षण त्यांच्याकडं बघितलं. आणि मग त्या हसायला लागल्या. गदगदून, पोट धरून, शेजारच्या गोणीवर बसकण मारून हसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भागवतरावांना वाटलं, म्हातारीला कांदा लागला की वेड लागलं!

"पान आना," त्या कशाबशा म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता आना. अहो, शहाणे, तुमी अर्धंच वाचलंय!"

६

पान देव्हाऱ्यात होतं, टाकांच्या मागं, कोऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं. भागवतरावांनी ते दोन्ही हातांवर आणलं.

"मागची बाजू वाचली?"

"मागं शाई फिकी हाय. आन पुढची ती ओळ वाचल्यावर मागं बघायचं बळच उरलं न्हाई."

"मला मोडी येत न्हाई. तुमीच वाचा. उजेडात या."

भागवतराव दारात उन्हाला पान धरून उभे राहिले. पहिलीतल्या पोरासारखं बोट ठेवून एकेक अक्षर लावायला लागले. "सखोजीची... तीन मुले... पाळण्यात... गेली."

"हां. पुढं."

"चौथा पुत्र. नाक... नाक टोचिले." त्यांनी वर बघितलं. "पोराचं नाक?"

"वाचा."

"मार्गशीर्ष शुद्ध दशमी. पाचवी पुजिली. भाटास... पायलीभर बाजरी, नारळ."

"आन पुढच्या बाजूला, ईकत घेतल्याची तिथी कोनती?"

भागवतरावांनी पान उलटलं. "मार्गशीर्ष वद्य द्वितीया."

"शुद्ध दशमी आधी का वद्य द्वितीया?"

"दशमी आधी. सात दिवस आधी." आणि त्यांनी पान पुन्हा उलटलं.

"मंग मला सांगा," मनकर्णाबाईंचा आवाज मऊ झाला होता, "जे पोर अजून ईकतच घ्यायचं हाय, त्याची पाचवी निमशांच्या घरात आठवडाभर आधी कशी पुजली? भाटाला बाजरी कशापायी दिली? पाचवी पुजतात ती पाचव्या दिवशी, जिथं बाळंतीन असंल त्या घरात. कोंडीबा ह्याच घरात जन्मला, भागवतराव. सखोजीच्या बायकोच्या पोटी."

"पन मंग ईकत—"

"तुमी बाप्ये! बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेर बसून नुसती इडी वढनारी जात. आत काय चालतं ते तुमाला कोन सांगनार? ऐका. एकीची पोरं लागोपाठ जात राहिली, की पुढचं मूल दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं आन मूठभर कोंडा नाहीतर बाजरी देऊन परत घ्यायचं. चारचौघीत ठणकावून सांगायचं, हे माझं न्हाई बाई, ईकत घेतलंय! म्हनजे जी सटवी माझ्या पोरांच्या मागं लागलीय ती फसावी, म्हनावी की हे काई हिचं न्हाई, आन निघून जावी. कोंड्याला घेतला म्हनून कोंडीबा. नाक टोचतात ते बी त्याच्यासाठीच, पोरगा न्हाई पोरगी वाटावी म्हनून."

"हे... हे खरं?"

"मी डोळ्यानं बघितलंय. एक्क्याण्णव साली घोडेगावाकडच्या वस्तीवर कडूबाई नावाची बाई, चार गेली हुती तिची. पाचवं माझ्या हातावर झालं. बाराव्या दिवशी इंजेक्शन द्यायला गेले तर शेजारनीला कोंडा मोजून देतीया आन मला ओरडून सांगतीया, सिस्टर, ह्ये माझं न्हाई! मी मातुर तिच्या कळा सोसताना रातभर तिचा हात धरून बसले हुते. ते पोरगं आज एसटीत कंडक्टर हाय. त्याच्या आईला जाऊन इचारा, त्याला ईकत घेतला का जन्म दिला."

भागवतराव दारातच खाली बसले. पान मांडीवर ठेवलं, त्याला घाम लागू नये म्हणून हात बाजूला घेतले आणि त्यांच्या खांद्यांना हुंदके फुटले. तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. रेश्मा इकडं येताना दिसली, तेव्हा मनकर्णाबाईंनी तिला हातानंच खुणावलं, सगळं ठीक आहे. पोरीनं पदरानं तोंड पुसलं आणि पळतच चहा ठेवायला गेली.

गहिनीनाथानं वही लाल कापडात बांधून पिशवीत घातली होती. पायांत वहाणा चढवून, एसटीला निघालेल्या माणसासारखा तो ओट्यावर बसला होता. भागवतरावांनी त्याच्यापुढं पान ठेवलं आणि त्याच्या पायांवर डोकं टेकलं. लपवलं काही नाही. मोडीच्या वर्गापासून दाभणापर्यंत सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं पान उचलून कपाळाला लावलं. चारी कडा तपासल्या. कुठंही फाटलं नव्हतं.

"भागवतराव," तो म्हणाला, "मी दोन दिवस तुमच्या ओट्यावर झोपलेलो. मला उठवून इचारलं असतं तर सांगितलं नसतं का मी? ह्या वहीत असे आठ कोंडीबा हायेत! दत्तक असंल तर तसं दत्तक म्हनून लिहतो आमी, साक्षीदारांची नावं घालतो. कोंड्याला कोन दत्तक घेतं, येड्यावानी?"

"वही पान्यात—"

"फाटलेल्या पानाला विलाज न्हाई. उसवलेलं शिवता येतं." त्यानं वहाणा काढल्या. "दाभण आना. आन गाठ मी मारनार. तुमची गाठ बटाट्याच्या पोत्याला बी शोभनार न्हाई."

दोरा ओवताना तो हसत होता. कालपासून पहिल्यांदाच.

राहिला हनुमंत. भागवतरावांनी त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. पान का काढलं, मान त्याला द्यायचं कसं ठरवलं होतं, ते सुद्धा. हनुमंत तोंड वासून ऐकत राहिला.

"म्हंजी तू मला मान देनार हुतास? सोताहून?"

"हक्क तुझा असता तर द्यायलाच पायजे हुता."

हनुमंतानं टोपी काढली, डोकं खाजवलं. "दादा, अरे मानाचा नारळ फोडायचा म्हंजी आदल्या दिवशी निरंकार उपास असतो. मला झेपनार हाय का? मी आपला टीव्हीत दिसावं म्हनून बोलत हुतो." मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं भागवतरावांचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अकराची गाडी साडेअकराला आली. दिवे लागले, वायरी पसरल्या, वस्तीवरची माणसं चांगल्या कपड्यांत गोळा झाली. गहिनीनाथ पागोटं बांधून वहीपुढं बसला. रेशमी साडीतल्या बाईनं गोड आवाजात विचारलंच, "आणि बाजूला काय लिहिलंय?"

गहिनीनाथानं भागवतरावांकडं बघितलं. भागवतरावांनी मान हलवली.

भाटानं खणखणीत आवाजात सूपभर कोंड्याची ओळ वाचली. मग पान उलटून तीन पाळण्यांची वाचली. बायकांमध्ये कुजबूज झाली. एक म्हातारी म्हणाली, "व्हय गं बाई, माझ्या सासूनं आमच्या ह्यांना असंच घेतलं हुतं." रेशमी साडीवाली बाई क्षणभर पुढचा प्रश्नच विसरली.

मग रिवाजाप्रमाणं भाटानं कर्त्याला समोर उभं केलं आणि विचारलं, "तू कुनाचा?"

भागवतराव छाती भरून श्वास घेऊन उभे राहिले. कॅमेऱ्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं.

"मी भागवत, आबासाहेबाचा. आबासाहेब गोरक्षनाथाचा. गोरक्षनाथ कोंडीबाचा." मग ते सगळ्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आन कोंडीबा त्याच्या आईचा. तीन गेल्यावर तिनं त्याला जगवला, म्हनून आज आमी समदे हितं हावोत."